भाऊ अजून गाडीतून उतरतायत

पांढऱ्या गाडीचं दार उघडतं. आधी बूट दिसतो. तो बूट जमिनीला टेकायला इतका वेळ घेतो की बघणाऱ्याला मधे एक जांभई येऊन जाते. मग गॉगल, मग मनगटातलं सोन्याचं कडं, मग केसांतून फिरणारा हात, आणि मागोमाग एकमेकांना कोपरानं ढोसत चौकटीत मावायची धडपड करणारे पंधरा-वीस कार्यकर्ते. ढोसणंही संथ, त्यामुळे ते माया केल्यागत दिसतं. वर जेसीबीच्या बकेटमधून झेंडूच्या पाकळ्या सुटल्यात, पण भाऊंच्या परवानगीशिवाय त्याही खाली यायला तयार नाहीत. शेवटी सोनेरी अक्षरं उमटतात : 'भावी नगरसेवक'. रील तीस सेकंदांचं. प्रत्यक्षात भाऊ गाडीतून उतरून मांडवात शिरले ते सहा सेकंदांत, कारण आत पंगत बसली होती.

सध्या महाराष्ट्रात व्हिडिओमध्ये कोणीच आपापल्या वेगानं चालत नाही. नवरी जिना उतरते ती हळू. ढोलपथकातला तरुण घाम निथळत टोल हाणतो तो हळू. मिसळीवर तर्री पडते ती हळू, आणि तिच्यात बुडणारा पाव त्याहून हळू. बैलगाडा शर्यतीचा निकाल सेकंदाच्या कितव्या भागानं लागला यावरून पुढं महिनाभर वाद चालतात, पण रीलमधे तीच बैलजोडी धुरळ्यातून अशी येते की वाटेत चारा खाऊन निघाली असावी. परवा एका मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचा व्हिडिओ पाहिला. छत्तीस वर्षं ज्यांनी पोरांना 'चल, चल, लवकर' एवढंच सांगितलं, ते सर शाळेच्या फाटकातून बाहेर पडायला गाण्याची दोन कडवी लावत होते.

खापर 'सैराट'वर फोडायची पद्धत आहे. २०१६ साली तो आला आणि गावोगावची पोरं उसाच्या कडेनं हात पसरून पळू लागली, हे खरंच. पण 'सैराट'चं स्लो मोशन मुख्यतः पूर्वार्धातलं, प्रेमात पडल्यानंतरचं. उत्तरार्धात संसार लागतो आणि सगळं आपल्या रोजच्या वेगावर येतं. पोरांनी अर्धाच धडा गिरवला.

खरं कारण जुनं आहे आणि ते डोळ्यांच्या हिशेबात दडलंय. सिनेमात वीत-दीड वीत लांबीचं खेळण्यातलं जहाज टाकीत सोडून खऱ्या जहाजासारखं दाखवायचं असेल, तर ते जास्त वेगानं चित्रित करतात आणि नेहमीच्या वेगानं दाखवतात. मोठ्या वस्तू आपल्याला सावकाश हलताना दिसतात. कोसळणारा कडा, वळणारं जहाज, चालणारा हत्ती. त्यामुळे जे सावकाश हललं ते मोठं, असा डोळा आपसूक निकाल देतो. टाकीतली लहर समुद्राची लाट होते. भाऊंच्या रीलमागचं शास्त्र हेच. आकारमान कमी पडत असेल तर वेग उतरवायचा. नगरपालिकेच्या निवडणुका जितक्या लांबत गेल्या तितके भाऊ आणखी हळू उतरत गेले, असं माझं निरीक्षण आहे.

गंमत म्हणजे आपल्याकडं सिनेमाची सुरुवात नेमकी उलट दिशेनं झाली. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा कोंब कसा फुटतो, वेल कसा वर चढतो, ते रोज थोडं थोडं टिपून 'अंकुराची वाढ' नावाची छोटी फिल्म केली. झाडाचं महिनाभराचं काम पडद्यावर बघता बघता उरकलं, आणि ते पाहून पुढच्या चित्रपटासाठी भांडवल उभं राहिलं. सव्वाशे वर्षं व्हायच्या आत आपण वाटाण्याला लवकर वाढवण्यापासून भाऊंना हळू उतरवण्यापर्यंत येऊन पोचलो.

माझा भाचा साताऱ्यात लग्नाची शूटिंगं करतो. झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीत त्याची खोली. पूर्वी या धंद्यात दोन माणसं असत, एक शूटिंगवाला आणि एक मिक्सिंगवाला. शूटिंगवाला खांद्यावर कॅमेरा घेऊन जेवणाऱ्यांच्या तोंडावर प्रखर दिवा मारायचा आणि लोक घास हातात धरून हसायचे. मिक्सिंगवाला मग त्यावर संस्कार करी. बदामाच्या आकारातून नवरी बाहेर यायची, गुलाबाच्या फुलात सासरे उमलायचे, ताजमहालापुढं नवरदेव स्वतःभोवती गरगर फिरायचा. आता ते सगळं गावंढळ ठरलं. आता 'सिनेमॅटिक' लागतं. त्याचा धंद्यातला अर्थ भाच्यानं मला एका वाक्यात सांगितला. "मामा, मागचं धूसर आणि पुढचं हळू."

हळू दाखवायचं तर आधी भरभर टिपावं लागतं, ही या सगळ्या प्रकरणाची गोम. आपल्याकडचा व्हिडिओ परंपरेनं सेकंदाला २५ चित्रांचा. ५० आवर्तनांच्या विजेच्या देशांत टीव्हीचं जे गणित बसलं, त्यातून हा आकडा आला. सेकंदाला १०० चित्रं घेऊन ती २५च्या चालीनं दाखवली की एका सेकंदाचे चार सेकंद होतात, आणि त्यातलं प्रत्येक चित्र खरं असतं. २४० घेतली तर साडेनऊ सेकंद. खिशातल्या फोनलाही हे येतं. आयफोनमध्ये १२० चित्रांचा स्लो-मो २०१३ साली आला आणि पुढच्या वर्षी २४०चा. मग अडचण काय? अडचण उजेडाची. एका सेकंदाचे १०० तुकडे करायचे तर प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला उजेड चौपटीनं कमी येतो. म्हणून हॅलोजन वाढवायचे. हॅलोजन वाढवले की गुरुजी घामाघूम होतात, नवरीची पावडर ओघळते, आणि मंगल कार्यालयाचा मॅनेजर वीजबिलाच्या नावानं येऊन उभा राहतो. बरं, मांडवातल्या स्वस्त दिव्यांच्या माळा सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होत असतात. साध्या डोळ्याला ते कळत नाही, २४० चित्रांच्या कॅमेऱ्याला कळतं. हळू करून पाहिलं की अख्खं लग्न आजारी ट्यूबलाइटखाली लागल्यासारखं लुकलुकत राहतं.

म्हणून आख्खा दिवस कोणी १००वर शूट करत नाही. नेहमीचं २५वर, आणि महत्त्वाचा क्षण आला की बटण फिरवायचं. पण महत्त्वाचा क्षण येऊन गेल्यावरच महत्त्वाचा असतो, त्याला शूटिंगवाला काय करणार? भाच्याच्या संग्रहात १००वर टिपलेली अत्यंत नितळ, अत्यंत देखणी दृश्यं आहेत. जिलबी वाढणाऱ्याचा हात. पंख्याकडं बघणारा बँडवाला. नवरदेवाच्या काकांनी पान तोंडात घालण्याची संपूर्ण क्रिया, चुन्याच्या बोटासकट. नवरीच्या बापाला हुंदका फुटला तेव्हा मात्र कॅमेरा २५वर होता.

आणि अशाच एका २५वरच्या दृश्यासाठी नवरदेवाची आत्या माडी चढून आली. मी तेव्हा तिथंच बसलो होतो. आत्याबाईंच्या पायऱ्या चढण्यातच मानपान होता.

"माझा अक्षता टाकतानाचा तेवढा स्लो कर. नवरीच्या मावशीचा केलायस, तो मी बघितला."

"आत्या, मावशींचा वेगळ्या सेटिंगवर घेतला होता. तुमचा शॉट एका सेकंदाचा. म्हणजे पंचवीस फ्रेम. चार सेकंदांचा करायचा तर शंभर लागतात. पंचाहत्तर कुठनं आणू?"

"लग्नात आहेर कुठनं आणला, ते मी तुला सांगत बसले का? तू आण."

भाच्यानं निमूट माऊस हातात घेतला. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा पंचाहत्तर फ्रेम आणायचे तीन मार्ग असतात. प्रीमिअरमध्ये त्यांना फ्रेम सॅम्पलिंग, फ्रेम ब्लेंडिंग आणि ऑप्टिकल फ्लो म्हणतात. रिझॉल्व्हमध्ये नावं थोडी निराळी, कुंडली तीच.

पहिला मार्ग सरळमार्गी माणसाचा. नाही तर नाही. आहेत त्याच फ्रेम चार-चार वेळा दाखवायच्या. आत्याबाईंचा हात वर निघाला, थांबला, निघाला, थांबला. पूर्वीच्या काळी टीव्ही मालिकांची अर्धी अर्थव्यवस्था या पद्धतीवर चालायची. सुनेच्या हातून पूजेचं ताट निसटे, ते समोरून पडे, डावीकडून पडे, वरून पडे, आणि जमिनीला लागायच्या आत जाहिराती येत. आत्याबाईंनी दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाल्या, "मला संधिवात नाहीये."

दुसऱ्या मार्गात शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींवर अर्ध्या-अर्ध्या उमटवतात. झटके जातात, पण हात दोन दिसतात. एक विरतोय, दुसरा उगवतोय, दोन्हींतून पलीकडचा पडदा दिसतोय. आत्याबाई चष्मा वर करून पुढं झुकल्या.

"हे माझ्या मागं कोण उभंय?"

"तुम्हीच आहात, आत्या."

"मी एवढी पुढं-पुढं करत नाही."

राहिला ऑप्टिकल फ्लो. आमच्या जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक बाई होत्या. तुम्ही दहा वाजता छत्री घेऊन बाहेर पडलात हे त्यांनी पाहिलेलं असे, आणि बारा वाजता पिशवी घेऊन परत आलात हेही. मधल्या दोन तासांत तुम्ही कुठं गेलात, कुणाला भेटलात, पिशवीचे किती पैसे जास्त दिलेत, हे त्या इतकं बारकाईनं सांगत की ऐकताना तुम्हालाही पटून जाई. ऑप्टिकल फ्लो त्याच कुळातला. त्याला दोन फ्रेम माहीत असतात. पहिल्या फ्रेममधला प्रत्येक ठिपका दुसऱ्या फ्रेममध्ये कुठं गेला याचा तो तपास करतो, आणि मधल्या वेळी तो ठिपका वाटेत कुठं असेल तिथं नेऊन ठेवतो. असे लाखो ठिपके हलवून एक अख्खी नवी फ्रेम तयार होते. ती कुठल्याही कॅमेऱ्यानं टिपलेली नसते, पण पाहताना शंका येत नाही. हात लोण्यातून जावा तसा सरकतो.

शंका येते ती गर्दी झाली की. माणूस एकटा, मागं साधी भिंत, हालचाल एकाच दिशेनं, कडा स्वच्छ असल्या की हा गडी खूश असतो. पण एक वस्तू दुसरीच्या पुढून गेली, की मागची वस्तू मधल्या वेळात कुठं होती हे त्याला ठाऊक नसतं, आणि 'मला ठाऊक नाही' असं म्हणायची त्या कुळात पद्धत नाही. तो ठोकून देतो. फिरता पंखा आला की पात्यांची भाकर होते. मागं जिन्याचे उभे गज असतील तर सगळे गज सारखेच दिसत असल्यानं त्याला एकाच्या जागी दुसरा वाटतो, आणि नवरी पुढं गेली की गज तिच्या खांद्याला चिकटून थोडे तिच्यासोबत चालतात. शटर मंद ठेवलं असेल तर हलता हात मुळातच पुसट असतो, मग पुसटाचा मध्य काढून तो आणखी पुसट करतो.

आणि अक्षता! ऑप्टिकल फ्लोच्या वाईटावर असलेल्या माणसानं मुद्दाम शोधून काढावी अशी ती गोष्ट आहे. शेकडो दाणे, सगळे एकसारखे, सगळे वेगात, शंभर हातांतून शंभर दिशांनी, आणि लक्ष्य कुणाचंच नेमकं नाही. या फ्रेममधला कुठला दाणा पुढच्या फ्रेममधला कुठला? पत्ता लागत नाही. मग सॉफ्टवेअर दोन-चार दाण्यांची मोट बांधून त्यांना एकत्र ओढतं. आत्याबाईंच्या मुठीतून पिवळा ओघळ निघाला, हवेत लांबला, नवरदेवाच्या मुंडावळीत शिरला आणि त्याच्या कानातून बाहेर आला.

भाच्यानं चट्कन क्लिप थांबवली. यावर त्याचा एक तोडगा ठरलेला आहे. सगळी क्लिप सारखी हळू करायची नाही. हात वर जाईपर्यंत हळू, मूठ उघडली की एकदम नेहमीच्या वेगावर, म्हणजे दाणे सुटायच्या आत सॉफ्टवेअरची परीक्षा संपते. याला धंद्यात रॅम्प म्हणतात. पोरं ती फॅशन म्हणून करतात. निम्म्या वेळा ती नामुष्की झाकण्यासाठी असते, हे त्या माडीवर बसल्याशिवाय कळत नाही. दुसरा तोडगा म्हणजे हाव न धरणं. २५चं चित्रण निम्म्या वेगावर आणलं तर दोनांतली एकच फ्रेम बनावट लागते आणि बहुधा खपून जाते. पाव वेगावर आणलं तर चारांतल्या तीन. रिझॉल्व्हच्या विकतच्या आवृत्तीत स्पीड वॉर्प नावाचा जो प्रकार आहे तो शिकवलेल्या यंत्रबुद्धीवर चालतो, ट्विक्स्टर नावाचं प्लग-इन या कामात मुरलेलं आहे. थाप सफाईची होते. थापच असते.

एवढं कळल्यावर मी भाऊंचं रील पुन्हा पाहिलं. तेही याच माडीवरचं. एका कार्यकर्त्यानं फोनवर सेकंदाला ३० चित्रांनी घेतलेलं. सहा सेकंदांच्या १८० फ्रेम. भाऊंच्या इभ्रतीला तीस सेकंद लागतात, म्हणजे ९००. तेव्हा त्या रीलमध्ये मतदारांसमोर येणारे १८० भाऊ अस्सल, उरलेले ७२० सॉफ्टवेअरनं घडवलेले. चालताना एक पाय दुसऱ्याच्या पुढून जातो, आणि ऑप्टिकल फ्लोचा तोल नेमका तिथं जातो. नीट पाहिलं तर भाऊंचा उजवा पाय डाव्यात शिरतो, क्षणभर एकच पाय उरतो, आणि मग दोघे जागा बदलून बाहेर येतात. भाऊ नक्की कोणत्या बाजूला आहेत, ते मधल्या फ्रेमवरून सांगता येत नाही.

"हे लोकांच्या लक्षात नाही का येत?" मी विचारलं.

"मामा, निवडणुकीपर्यंत चालून जातं."

क्रिकेटमध्ये मात्र चालत नाही. १९९२ साली दरबानच्या कसोटीत जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर सचिन तेंडुलकर धावचीत झाला की नाही, हे मैदानावरच्या पंचांनी स्वतः न ठरवता टीव्हीसमोर बसलेल्या तिसऱ्या पंचांवर सोपवलं. टीव्हीच्या मदतीनं असा बाद दिला गेलेला तो कसोटीतला पहिला फलंदाज. बॅट रेषेच्या अलीकडं होती, हे त्यांनी चित्र हळू करून, थांबवून पाहिलं आणि दिवा पेटला. कल्पना करा, तिथं ऑप्टिकल फ्लो असता तर? दोन फ्रेमांच्या मधे त्यानं बॅट सरकवत सरकवत आत नेऊन ठेवली असती, आणि अख्ख्या शिवाजी पार्कानं त्या सॉफ्टवेअरच्या नावानं नारळ वाढवला असता. म्हणून तर सामन्यांना सेकंदाला शेकड्यांनी चित्रं घेणारे खास कॅमेरे लावतात. चेंडू बॅटला घासून गेला की पॅडला, हे विचारताना मधल्या वेळाबद्दल अंदाज नको असतो. लग्नात आणि राजकारणात अंदाज चालतो. क्रिकेट हा आपल्याकडं गांभीर्यानं घेण्याचा विषय आहे.

या सगळ्याचा शोध लावला एका धर्मगुरूनं, हे मला फार आवडतं. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरातले ऑगस्ट मुसगर. पाद्री, आणि पदार्थविज्ञान शिकवणारे. फिरत्या आरशांच्या चक्राची योजना करून चित्र संथ दाखवण्याचं यंत्र त्यांनी बांधलं, १९०४ साली पेटंट घेतलं. पुढं पैसे संपले, पेटंटची फी भरता आली नाही, १९१२ साली हक्क गेला. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीत हान्स लेमान यांनी ती कल्पना सुधारून दोन वर्षांत बाजारात आणली. मुसगरांच्या पदरी श्रेयही नाही आणि पैसाही नाही. क्षण लांबवायचं यंत्र ज्यानं केलं, त्याला फीची तारीख लांबवून मिळाली नाही.

आमच्या मंगल कार्यालयातले गुरुजी हे मुसगरांच्या नेमके उलट टोकाला उभे असतात. त्यांना दुसऱ्या कार्यालयात १२ वाजून ३६ मिनिटांचं लग्न लावायचं असतं. सप्तपदीची सात पावलं नवरा-नवरी टाकायच्या आत त्यांनी तोंडानं टाकलेली असतात. शूटिंगवाला म्हणतो, गुरुजी, जरा हळू, एकदा परत. गुरुजी म्हणतात, मुहूर्त तुमच्या कॅमेऱ्यानं काढलाय का? भाच्याचं आणि गुरुजींचं हे भांडण प्रत्येक लग्नात होतं आणि प्रत्येक लग्नात गुरुजी जिंकतात. त्यामुळे सप्तपदी २५वरच मिळते, आणि सातांतली निम्मी पावलं पुढं माडीवर पडतात.

फक्त एका ठिकाणी भाचा वेग वाढवतो. स्वतः रचलेलं मंगलाष्टक स्वतःच्या चालीत म्हणणारा एक नातेवाईक प्रत्येक घरात असतो. तिथं तो गुपचूप ११० टक्के करून ठेवतो. आजवर कोणी तक्रार केलेली नाही. उलट दोघांनी फोन करून, काकांचा आवाज काय तरुण आलाय, असं सांगितलं.

आवाजाचा प्रश्न मुळातच निराळा. चित्र हळू केलं तर भव्य होतं, आवाज हळू केला तर राक्षसी होतो. पाव वेगावर "अगं बाई, किती गोड" हे वाक्य पाताळातून आल्यासारखं ऐकू येतं. सॉफ्टवेअरला आवाजाची पट्टी मूळची ठेवायला सांगता येतं, पण मग शब्द चघळले जातात. म्हणून स्लो मोशनखाली नेहमी गाणं असतं. त्या दृश्याला स्वतःचा आवाजच उरलेला नसतो. नवरीच्या आईच्या रडण्यावर बासरी ऐकू येते, ती तेव्हा कार्यालयात कोणी वाजवत नव्हतं.

आता तर ही मधल्या फ्रेम भरायची खोड टीव्हीच्या संचातच बसवून येते. कुठलाही सिनेमा लावा, सेकंदाला २४ चित्रांच्या मधे संच आपल्या पदरच्या फ्रेम घालून सगळं गुळगुळीत करतो, आणि कोट्यवधी खर्चाचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. २०१८ साली टॉम क्रूझनं एक व्हिडिओ काढून लोकांना विनवलं होतं की घरच्या टीव्हीतली ही सोय बंद करा. विमानाला लोंबकळणारा माणूस तुमच्या रिमोटसाठी हात जोडतो, म्हणजे प्रकरण किती हाताबाहेर गेलं असेल. आमच्याकडं ती बंद करायचं बटण अजून सापडलेलं नाही. आमच्या सौभाग्यवतींच्या मते ते शोधायचं कारणही नाही, चित्र कसं छान 'नवं' दिसतं.

तर आत्याबाई. प्रीमिअरमध्ये ऑप्टिकल फ्लो लावला तरी रेंडर होईपर्यंत त्याचं फळ दिसत नाही, तोवर तेच जुने झटके दिसत राहतात. त्यामुळे गिऱ्हाईक समोर असताना तो लावायचा नाही, असा भाच्याचा शिरस्ता. पण त्या उठायला तयार नव्हत्या. टाइमलाइनवरची लाल पट्टी हिरवी होईपर्यंत त्यांनी दोन कप चहा घेतला, नवरीकडच्यांच्या साड्यांचा पोत सांगितला, आणि मावशीच्या चार सेकंदांवर स्वतःला पाच सेकंद मिळवले. शेवटी क्लिप चालली. हात वर आला. खांद्यावरचा पदर सावकाश सुटून सावकाश परत बसला. मान किंचित कलली. पैठणीच्या काठावरचे मोर एकमेकांत मिसळून पुन्हा सुटे झाले, पण ते भाच्याला आणि मला दिसलं. मधल्या कुठल्याशा फ्रेममध्ये सॉफ्टवेअरचा कमरेपाशी गोंधळ झाला होता. मागचा पडदा थोडा पुढं आला होता आणि आत्याबाईंची कंबर थोडी मागं गेली होती. भाचा ओशाळून पुढं सरकवायला गेला.

"थांब. मागं घे. अजून मागं. हां, हे. याचा फोटो निघेल का?"

"आत्या, ही फ्रेम..." भाचा अडखळला. "ही खरी नाही. म्हणजे कॅमेऱ्यात नाही ही. मधली आहे. कॉम्प्युटरनं केलेली."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही अशा... कधी दिसला नव्हता."

आत्याबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं पुढचं वाक्य गिळलं. मग त्यांनी पर्स उघडली.

"अल्बममध्ये शंभर फोटो लावलेस, त्यात एक माझ्यासारखा नाही. ही मी आहे. बारा बाय अठरा कर, लॅमिनेशनसकट. आणि हे बघ, मावशीला सांगू नकोस कुठनं काढला ते."